गुणवत्ता शिष्यवृत्ती : हिशोब दहावीलाच मांडावा

आपल्या मंडळातल्या ज्या घरांत यंदा दहावी किंवा बारावी आहे, तिथे हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : "मुलगी हुशार आहे हो, पण तिला शिष्यवृत्ती कुठून मिळेल?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. आम्हा संगणकवाल्यांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता मांडायची खोड असते, तसा याचाही मांडून पाहिला. त्यात आढळलेल्या काही गोष्टी वाचकांना उपयोगी पडतील असे वाटते.

आपल्यासाठी सर्वांत मोठी शिष्यवृत्ती 'शिष्यवृत्ती' या नावाने ओळखलीच जात नाही. एनआयटी आणि केंद्र सरकारच्या अशाच इतर तंत्रसंस्थांमध्ये परदेशातल्या विद्यार्थ्यांना 'डासा' या योजनेतून थेट प्रवेश मिळतो. ही योजना २००१ पासून चालू आहे. त्यातील एक तृतीयांश जागा आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखीव असतात आणि ओमान या देशांत आहेच. साध्या 'डासा' जागेवर एनआयटीचे शिक्षण शुल्क प्रत्येक सत्राला ४,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ८,००० डॉलर पडते. आपला रियाल १९८६ पासून डॉलरला एकाच दराने बांधलेला असल्याने हिशोब सोपा आहे : सुमारे ३,०७५ रियाल. आखाती कोट्यातल्या मुलाला मात्र भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याइतकेच शुल्क भरावे लागते. एनआयटीत ते वर्षाला साधारण सव्वा लाख रुपये आहे. रियालला २२० रुपये धरले, तर हे ५७० रियालच्या आसपास जाते. चार वर्षांतला फरक दहा हजार रियालचा झाला! दुक्मच्या गोदीत किंवा रिफायनरीत काम करणाऱ्या कितीजणांची एवढी शिल्लक असते, हे आपण सारे जाणतोच.

या जागा गुणवत्तेवरच मिळतात. पूर्वी अमेरिकेच्या सॅट विषय परीक्षेचे गुण धरत असत. ती परीक्षा २०२१ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून जेईई मेनचा क्रमांक पाहतात. जेईईचे केंद्र मस्कतला असते, त्यामुळे परीक्षेपुरते भारतात जाण्याची गरज नाही. आखाती कोट्यासाठी चुरस अर्थातच जास्त असते. क्रमांक थोडा मागे पडला, तर तोच मुलगा डॉलरवाल्या जागेवर जातो. म्हणून 'जेईई दिली की झाले' असे समजून चालणार नाही.

आता खरी मेख. या कोट्यासाठी मुलाने शेवटच्या इयत्ता आणि बारावी परदेशातल्या शाळेत केलेली असावी लागते. आपल्याकडे काय होते? दुक्ममध्ये बरेचजण एकटे राहतात, बायको-मुले मस्कतला किंवा गावी. दहावीला मुलाला ९२-९३ टक्के मिळाले की आजोबा-काका म्हणतात, "आता त्याला लातूरला ठेवा, नाहीतर कोट्याला पाठवा." शिकवणी उत्तम मिळते, यात वाद नाही, लातूरने हजारो मुलांचे भले केले आहे. पण मुलाने अकरावीला तिथे नाव घातले की आखाती कोट्याचा दरवाजा बहुधा बंद होतो, आणि पालकांना हे बारावीनंतर अर्ज भरताना कळते. माझे स्पष्ट मत असे आहे, की मूल मस्कतच्या शाळेत असेल आणि अभियांत्रिकीकडेच जायचे असेल, तर दोन वर्षे त्याला तिथेच राहू द्यावे. शिकवणी ऑनलाइनही मिळते. वैद्यकीयकडे जायचे असेल, तर गणित निराळे आहे.

ज्यांची मुले आधीपासून गावीच शिकत आहेत, त्यांनी निराश होऊ नये. भारत सरकारने २००६-०७ मध्ये परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती योजना सुरू केली, तिला एसपीडीसी म्हणतात. सुरुवातीला १०० शिष्यवृत्त्या होत्या, नंतर १५० झाल्या. वाढलेल्या ५० या 'ईसीआर' देशांतल्या, म्हणजे जिथे कामगाराला जाण्यापूर्वी परवानगी लागते अशा देशांतल्या, भारतीय कामगारांच्या मुलांसाठी ठेवल्या. ओमान या यादीत आहे. त्यातील एक तृतीयांश जागा तर भारतात शिकणाऱ्या मुलांसाठीच राखून ठेवल्या आहेत. म्हणजे बाप दुक्मला आणि मुलगी साताऱ्याला, तरी अर्ज करता येतो. पदवीच्या शिक्षणाला वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. उत्पन्नाची मर्यादा आणि गुणांची अट असते. त्यांचे आकडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची सूचना मस्कतच्या दूतावासाकडून पाहूनच घ्यावी. गंमत अशी, की मोठ्या पगाराच्या साहेबापेक्षा फिटर-वेल्डर भावांना ही योजना जास्त लागू पडते, आणि तिची माहिती नेमकी त्यांनाच नसते. आपल्या कॅम्पमधल्या माणसांना हा अंक जरूर दाखवा.

त्यांच्याच उपयोगाची आणखी एक गोष्ट. आयआयटी आणि एनआयटीमध्ये देशातल्या नेहमीच्या मार्गाने प्रवेश घेतला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांपर्यंत असले, तर शिक्षण शुल्कात दोन तृतीयांश सूट मिळते. एक लाखाच्या आत असले तर पूर्ण माफी. वरच्याच दराने पाच लाख म्हणजे महिना १९० रियालच्या जवळपास. आखातात आहे म्हणजे श्रीमंतच, हे गावाकडचे गृहीत इथे खोटे ठरते!

विज्ञानाची आवड असलेल्या मुलांसाठी 'इन्स्पायर' आहे. २००८ पासूनच्या या योजनेत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, पैकी २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात यावे लागते आणि मूलभूत विज्ञानच घ्यावे लागते. अभियंत्यांना आणि डॉक्टरांना इथे प्रवेश नाही. परदेशी शाळेतून बारावी झाली असेल, तर त्या वर्षीचा नियम तपासून घ्यावा. जुने पालक ज्या एनटीएसची आठवण काढतात, ती परीक्षा २०२१ पासून थांबलेली आहे, आणि केव्हीपीवाय २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्येच विलीन झाली. त्यांच्या नावाने क्लासची फी भरू नका.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी यांच्याकडे गुणवत्तेची शिष्यवृत्ती नसतेच. प्रवेश मिळाल्यावर घरची ऐपत पाहून मदत देतात. गुणांवर सूट देणारी विद्यापीठे निराळी, आणि सूट वजा जाऊन उरलेली रक्कमही बहुधा आपल्या आवाक्याबाहेर असते.

कुठलीही शिष्यवृत्ती घेताना अटींचा कागद शेवटपर्यंत वाचावा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड दिले, त्यामागेही बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार होता. आजच्या अटी सौम्य असतात, पण दरवर्षी किमान गुण टिकवण्याची अट बहुतेक ठिकाणी असते, आणि पहिल्या सत्रात घसरलेली मुले तिथेच अडकतात.

पगाराचा दाखला, रहिवासी कार्डाची प्रत आणि मुलाची शाळेची प्रमाणपत्रे आत्ताच गोळा करून ठेवा. दुक्महून मस्कत साडेपाचशे किलोमीटर. दूतावासाच्या शिक्क्यासाठी एक फेरी झाली तर चालते, तीन झाल्या तर रजाही जाते आणि पेट्रोलही.