विम्याचे छत्र आणि रोजची गोळी

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे वार्षिक संरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखांवरून ५ लाख रुपये झाले, ही दिलासादायक बाब होय. तथापि ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब-मधुमेहाची रोजची गोळी तीत बसत नाही. साताऱ्यातील पाटणच्या डोंगरवाडीत वा सांगलीतील जतच्या वस्तीवर राहणाऱ्या वृद्धांस ती प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावयास हवी. १५ ऑगस्ट २०२३पासून तेथील उपचार निःशुल्क आहेत. परंतु शुल्कमाफीने औषधसाठा वाढत नाही, त्यास निधी लागतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांकडून अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यखर्चाची अपेक्षा केली होती; महाराष्ट्र त्यात मागेच राहिला. औषध न मिळाल्यास कुटुंबीयांनी केंद्रात लेखी नोंद अवश्य करावी; नोंदलेली गरजच वाढीव तरतुदीच्या मागणीस आधार देते.