हा माणूस आमचा

वर्तमानपत्रात भारतीय दूतावासाचा फोटो येतो तो बहुधा झेंडावंदनाचा. चिपळूण-खेडच्या ज्या माणसांनी उमेदीची वर्षं आखातात काढली, त्यांना राजदूताचं नावही सांगता येणार नाही. त्यांना ठाऊक असते ती खिडकी. अमिरातीत दूतावास अबुधाबीला. दुबई आणि तिच्या उत्तरेकडच्या अमिरातींचा कारभार दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे. पासपोर्टचं नूतनीकरण, बाळाची जन्मनोंद (ती वर्षाच्या आत उरकावी, नाहीतर केंद्र सरकारची परवानगी आणा), गावच्या जमिनीचं मुखत्यारपत्र. या मुखत्यारपत्रावर अधिकाऱ्यासमोर सही होते, शिक्का बसतो आणि कागद महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत गावातल्या भाऊबंदांना तोंडपाठ असते, सही करणाऱ्याला बहुतेक वेळा नसते.

कामं अशी शंभर प्रकारची, पण खिडकीआडच्या माणसाला आधी एकाच गोष्टीची खात्री करायची असते : समोरचा आपला आहे का? आपला असेल तर ते लिहून द्यायचं. कॉन्सुलर सेवा म्हणतात ती मुळात एवढीच.

एवढंसं लिहून देणं किती मोलाचं, हे 1990 साली कळलं. 2 ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं. अनेक कामगारांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात आणि मालक परागंदा. वाळवंट तुडवत माणसं जॉर्डनमध्ये पोहोचली आणि अम्मानहून एअर इंडियाने लाखाहून जास्त लोकांना मायदेशी आणलं. यावर निघालेल्या हिंदी सिनेमाने सारं श्रेय एका व्यापाऱ्याला दिलं, तेव्हा परराष्ट्र खात्याला ते झोंबलं. मला ते झोंबणं रास्त वाटतं. पासपोर्ट नसलेला माणूस नुसत्या धाडसावर विमानात चढत नाही, त्याला प्रवासाचा दाखला लागतो. असा दाखला आजही मिळतो. कागदोपत्री तो इमर्जन्सी सर्टिफिकेट, कामगारांच्या बोलण्यात आउटपास. एकाच फेरीचा, तोही फक्त भारतात परतण्यापुरता.

या खात्याची खरी परीक्षा मात्र मृत्यूच्या फाइलीत होते. कामगारांच्या कॅम्पमध्ये रात्री झोपलेला सुतार सकाळी उठत नाही. पोलीस येतात, रुग्णालय कारण लिहितं, मृत्यूचा दाखला निघतो. तिकडे गावात बायको नाहीतर बाप नोटरीसमोर संमतिपत्र करतो : मृतदेह पाठवा, किंवा तिथेच दफन करा, ताब्यात घेण्याचा अधिकार अमक्याला. हे सगळं खिडकीवर येतं. अधिकारी पासपोर्टवर ‘रद्द’चा शिक्का मारतो आणि ना हरकत पत्र देतो. मग देह टिकवण्याची प्रक्रिया, तिचा दाखला, पेटी, विमानाचं कार्गो. मुंबईत सहारला कार्गोच्या दारात रुग्णवाहिका उभी असते आणि पुढे मुंबई-गोवा रस्ता. यातला एक कागद कमी पडला की देह शवागारात अडकतो. खर्च मालकाने करायचा. त्याने हात वर केले तर 2009 साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातला पैसा कॉन्सुलर सेवांवरच्या छोट्या आकारणीतून जमतो. म्हणजे पासपोर्ट बदलायला आलेला ड्रायव्हर नकळत कुणा अनोळखी सुताराच्या पेटीला हातभार लावून जातो.

माणूस तुरुंगात असला की खिडकीचा हात आखडतो. वकिलात कुणाला सोडवू शकत नाही, कोर्टात बाजूही मांडत नाही. ती भेटू शकते, वकील मिळवून देऊ शकते आणि खटल्यावर लक्ष ठेवू शकते. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाने दिलेला हा हक्क. पाकिस्तानच्या कैदेतले भारतीय कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात त्या देशाने तो डावलला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी दिला. भारताची बाजू मांडली होती हरीश साळवे यांनी.

त्या निकालाचा गाजावाजा झाला. पालघर-डहाणूच्या खलाशांचा होत नाही. गुजरातच्या बोटींवर मजुरीने गेलेले हे लोक समुद्रातल्या न दिसणाऱ्या सीमेपलीकडे सापडतात आणि कराचीच्या तुरुंगात जातात. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयाकडून आलेलं नाव दिल्लीमार्गे राज्याकडे जातं आणि शेवटी पोलीस पाड्यावर येऊन विचारतात, हा तुमचाच का? रेशनकार्ड, आधार, शेजाऱ्यांचे जबाब घेतले जातात. राष्ट्रीयत्व पटलं आणि शिक्षा संपली की महिन्याभरात सुटका, असं करार म्हणतो. प्रत्यक्षात शिक्षा भोगून झालेलेही वर्षानुवर्षं आत राहिले आहेत. सगळ्यात बिकट अवस्था मन हरवलेल्या कैद्यांची. गाव, तालुका, बापाचं नाव, काहीच सांगता येत नाही आणि पत्त्याशिवाय पोलिसांनी चौकशीला जायचं कुठल्या पाड्यावर? डॉक्टरांचं पथक पाठवून त्यांची ओळख पटवावी, असा भारताचा आग्रह आहे. त्या पथकाला आधी व्हिसा मिळावा लागतो.