खिशातला मीटर

खिशात मावणारा मल्टिमीटर घेताना दुकानदार किंमत सांगतो. आपण आधी तारा खोचायच्या भोकांशी काय लिहिले आहे ते वाचावे. ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ म्हणजे विजेचा अचानक उसळलेला दाब सोसण्याची प्रत. ती नसलेला मीटर रेडिओच्या टेबलावर उत्तम. यवतमाळच्या जिनिंगमधल्या ४१५ व्होल्टच्या पेटीत तो नेऊ नये. आत फ्यूज आहे का, तेही विचारावे. पुष्कळ लहान मीटरांत नसतो. चांगले मल्टिमीटर आपल्या नाशिकलाही बनतात.

आणि मीटरने शून्य दाखवले म्हणून लगेच तारेला हात लावू नये. सेल उतरलेला असेल, आतली तार तुटलेली असेल. आधी चालू लाइनवर मीटर पाहावा, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. मुकादम घाई करील, त्याला थांबवावे.