शहराचा एकरी उतारा

ऊस कारखान्याला गेला की पारावर पहिला प्रश्न असतो, "एकूण किती टन गेला?" दुसराही ठरलेला असतो, "एकरी किती बसला?" खरी पत कळते ती दुसऱ्या उत्तरावरून. चाळीस एकरवाल्याचे टन ढीगभर असतील, पण एकरी उतारा पडला तर लोक मनातल्या मनात हसतातच.

हाच प्रश्न जो मिनिकोझी नावाच्या नगररचनाकाराने एका शहराला विचारला. शहराचं नाव अ‍ॅशव्हिल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागातलं, लाखाच्या आतबाहेर वस्तीचं. तिथलं वॉलमार्ट हे भलंमोठं दुकान ३४ एकरांवर पसरलेलं, त्यातली बरीच जागा गाड्या लावायला. मधल्या पेठेतली एक जुनी इमारत मात्र ०.१९ एकरावर उभी. आपल्या मापात साडेसात गुंठ्यांहून किंचित जास्त. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्यावर घरं.

त्याने हिशेब मांडला तेव्हा वॉलमार्टचा मालमत्ता कर होता एकरी सुमारे ६,५०० डॉलर. त्या इमारतीचा एकरी ६,३४,००० डॉलर. सत्त्याण्णवपट! मी दोनदा भागाकार करून पाहिला.

गंमत पुढेच आहे. एकूण भरणा पाहिला तर वॉलमार्ट दोन लाखांच्या पुढे आणि इमारत सव्वा लाखाच्या आत. नुसती पावती पाहणाऱ्या नगरसेवकाला वॉलमार्टच मोठं गिऱ्हाईक वाटणार. विक्रीकराचा हिशेब घ्यावा, तर नगरपालिकेच्या पदरात एकरी पडत होते वॉलमार्टचे ४७,५०० डॉलर आणि इमारतीचे ८३,६००. वॉलमार्टमध्ये एकरी सहा माणसांनाही काम नव्हतं. इमारतीत एकरी त्र्याहत्तर. शिवाय तिथे लोक राहत होते, एकरी नव्वद. वॉलमार्टमध्ये रात्री कोण राहणार?

हा मिनिकोझी ज्या कंपनीत होता, तिनेच ती इमारत दुरुस्त केली होती. त्यामुळे त्याच्या आकड्यांकडे मी आधी जरा संशयानेच पाहिलं. पण कराची नोंद सरकारी असते, भागाकार कुणीही करावा.

एकरी हिशेबात पेठ पुढे जाते, कारण नगरपालिकेचा खर्च जमिनीच्या पसाऱ्यावर चढतो. रस्ता जितका लांब तितकं डांबर, जलवाहिनी जितकी लांब तितकी गळती, अग्निशमन दलाचा बंबही तितकाच लांब धावणार. कर मात्र मुख्यतः येतो जमिनीवर काय उभं आहे त्यावरून, आणि डांबरी पार्किंगवर काहीच उभं नसतं. पेठेत एकाच गटारावर, एकाच दिव्याखाली मजल्यावर मजला चढलेला असतो. "आमचा पैसा त्या जुनाट पेठेत का घालता?" असं उपनगरातला मतदार सभेत तावातावाने विचारतो. बहुतेक वेळा पैसा उलट दिशेने वाहत असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फीत कापायला मॉल बरा दिसतो. जुन्या इमारतीचं छत गळायचं थांबलं, याचा फोटो छापून येत नाही.

अ‍ॅशव्हिलची पेठ वाचली कशी, हे तर आणखी अजब आहे. ती कर्जामुळे वाचली. १९२०च्या दशकातल्या तेजीत शहराने भरमसाट कर्ज काढून इमारती बांधल्या. नोव्हेंबर १९३० मध्ये बँक बुडाली, तिच्यात शहराच्या ठेवीही गेल्या. पण शहराने हात वर केले नाहीत. कर्ज फेडत राहिलं, ते थेट १९७६ पर्यंत. दरम्यान इतर शहरं जुनं पाडून नवं बांधत होती. अ‍ॅशव्हिलकडे पाडायलाही पैसे नव्हते.

मग १९७०च्या दशकात शहराच्या कडेला मॉल आला, मोठी दुकानं तिकडे पळाली आणि पेठेतल्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. उपाय काय निघाला? पेठेतले इमारतींचे अकरा चौकोन पाडून तिथेही एक मॉल! १९८० मध्ये विरोधकांनी कापडाच्या पट्ट्या एकमेकींना बांधून तो सगळा भाग वेढला, काय जाणार आहे ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. नकाशावरची रेघ आणि आपल्या न्हाव्याच्या दुकानावरून गेलेलं कापड, दोन्हींत फरक आहे. १९८१ मध्ये कर्जरोख्यांवर मतदान झालं आणि लोकांनी प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला.

ती साडेसात गुंठ्यांवरची इमारत १९९१ मध्ये करनोंदीत जेमतेम तीन लाख डॉलरची होती. दुरुस्तीनंतर तिची किंमत एक कोटी दहा लाखांच्या वर गेली. आजूबाजूची पेठही हळूहळू सावरली. भाडी वाढली, पर्यटक इतके लोटले की जुने रहिवासी कुरकुरू लागले. त्यांची कुरकुर मला रास्त वाटते. ज्या शहराच्या पेठेत एके काळी खिडक्यांवर फळ्या होत्या, तिथल्या नगरपालिकेला २०१९ मध्ये नव्या हॉटेलांना वर्षभराची बंदी घालावी लागली.