यंत्राचा ताप

परभणी जिल्ह्यांत मानवत व सेलू हीं कापसाच्या व्यापाराचीं प्रसिद्ध गांवें आहेत. दिवाळी आटोपली कीं तेथील जिनिंगच्या कारखान्यांत कापसांतून सरकी वेगळी काढण्याचें काम सुरू होतें, आणि पुढें कांहीं महिने यंत्रांना उसंत म्हणून मिळत नाहीं. या धंद्याचा मोठा शत्रु आग. चामड्याचे रूळ पोलादी सुरीवर सतत घांसले जातात, हवेंत रुईचे तंतू तरंगत असतात; अशा ठिकाणीं एखादें बेअरिंग अतिशय तापलें किंवा विजेच्या जोडावर ठिणगी उडाली, तर शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या श्रमांची घडीभरांत राख होऊं शकते.

परंतु यंत्र बहुधा एकाएकीं बिघडत नाहीं. आधीं त्याला ताप येतो. बेअरिंगचा ताप अनुभवी मिस्त्री हात लावून ओळखतो. विजेच्या उघड्या जोडाला हात लावून पाहण्याची मात्र सोय नाहीं! तेथें अवरक्त किरणांचा कॅमेरा कामास येतो.

सन 1800 मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा अधिक चढला. तेच हे अवरक्त किरण. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतामानाप्रमाणें ते बाहेर टाकीत असतो. कॅमेरा ते टिपून उष्णतेचें चित्र दाखवितो.

मोटरीकडे विजेच्या तीन तारा जातात. त्यांपैकीं एकीचा जोडच तेवढा तप्त असून, तेथून दूर जावें तसतशी तार थंड होत गेलेली दिसली, तर जोड सैल झाला आहे किंवा त्यावर गंज चढला आहे असें समजावें. संपूर्ण तारच सारखी तापली असेल, तर दोष जोडाचा नव्हे, तिच्यावरील भाराचा. पहिल्या दोषास वीज बंद करून जोड साफ करून आवळणें बहुधा पुरतें. दुसऱ्याचें कारण अन्यत्र शोधावें लागतें.

येथें कारखान्यांची रूढ रीत आड येते. दुरुस्ती हंगाम संपल्यावर करावी हें ठीकच. पण ही तपासणीहि तेव्हांच करूं म्हटल्यास ती व्यर्थ होय. थांबलेल्या यंत्राला ताप कोठला? जोडांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. म्हणून निदान 40 टक्के भार असतांना पाहावें, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. अर्थात् दोष सांपडतो तो ऐन हंगामांत. दारीं कापसाच्या गाड्यांची रांग लागली असतां यंत्र थांबविणें मालकाच्या जिवावर येतें; परंतु कॅमेऱ्याचा सारा उपयोग त्या एका निर्णयावर अवलंबून आहे.

चित्र वाचण्यासहि विवेक लागतो. बेअरिंगचें उष्णतामान 60 अंश आढळलें, एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. थंडीच्या पहाटे बाहेर 10 अंश असतांना तें 50 अंशांनीं चढलेलें असतें. उन्हाळ्यांत 40 अंशांच्या दुपारीं अवघें 20 अंशांनीं. भार सारखाच असेल, तर काळजी पहिल्याची करावी. चकचकीत तांबें तर सरळ फसवितें. तें स्वतःचे किरण फार थोडे सोडतें आणि भोवतालचे परावर्तित करतें. त्यामुळें तापलेली पट्टीहि थंड भासते. वीज बंद असतांना तिच्यावर काळी विद्युत्‌रोधक चिकटपट्टी लावून ठेविली, म्हणजे त्या जागीं खरें उष्णतामान कळतें. साध्या कांचेंतूनहि हे किरण पार होत नाहींत. म्हणून पेटीचें दार उघडावें लागतें, आणि तें काम शिकलेल्या माणसानेंच करावयाचें.

रुईच्या गासडीपुढें मात्र हा कॅमेरा हतबल ठरतो. गासडी बांधतांना तिच्या पोटांत ठिणगी दाबली गेली, तर ती कित्येक दिवस धुमसत राहूं शकते. रुई उष्णतेस सहजासहजीं बाहेर येऊं देत नाहीं. गासडीचा पृष्ठभाग बराच काळ थंडच दिसतो. म्हणून संशयित गासड्या इतरांपासून दूर, मोकळ्या जागेंत ठेवून त्यांवर पाळत ठेवण्याचें काम अजून माणसाकडेच आहे.