आमच्या पद्मिनीचे नवे धुराडे

माणसाला उतारवयात दोन मोह आवरत नाहीत. एक जुन्या वस्तूंचा आणि दुसरा तरुण मुलांच्या कौतुकाचा. या दोन मोहांच्या कात्रीत सापडून गेल्या पावसाळ्यात मी माझ्या वृद्ध आईचा जीव धोक्यात घातला होता. ही हकीकत सांगताना आजही ओशाळल्यासारखे होते. पण घरात मोटार आणि मोटारवेडा मुलगा असलेल्या वाचकांच्या ती उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

आमच्याकडे १९८५ सालची पद्मिनी आहे. वडिलांनी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिली, तेव्हा कोठे ती दारी आली. तिचे माहेर फार दूर नाही. मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गाने, म्हणजे आमच्या वडिलांच्या भाषेत आग्रा रोडने, सरळ गेले की कुर्ला लागते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथेच होता. इटलीच्या फियाट ११०० चा हा मुंबईकर अवतार. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती, आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. आमच्या घरातली मुंज, लग्न, बारसे, सगळे या गाडीने पाहिले.

चिरंजीव इंजिनियरिंगला गेले आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केले, "बाबा, हिला श्वास पुरत नाही."

"अरे, तिला चाळीस वर्षे झाली. मलाही पुरत नाही."

"तसे नव्हे. हिचा धूर बाहेर पडताना अडखळतो. आपण हेडर बसवू."

हेडर म्हणजे काय, ते त्याने मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार बोटे मांडून समजावले. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळलेला वायू चार दारांनी बाहेर येतो. कारखान्यातून येते ते बिडाचे, आखूड आणि जाडजूड मॅनिफोल्ड. त्यात चारही प्रवाह लगेच एकमेकांत घुसतात. एकाच्या फुंकरीने दुसरा मागे रेटला जातो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांब आणि सारख्या मापाची नळी असते. वायूचा एक झोत वेगाने निघून गेला की त्याच्या मागे दाब क्षणभर कमी होतो, आणि ती ओढ पुढच्या सिलिंडरातला उरलासुरला धूरही खेचून नेते. सिलिंडर १-३-४-२ अशा क्रमाने पेटत असतील, तर पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा अशा जोड्या लावायच्या. चाराच्या दोन, दोनाची एक. दादरच्या पुलावर गर्दी एकदम सोडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने सोडावी, तसेच हे.

मला ते पटले. खरे सांगायचे तर मुलाचा फुललेला चेहरा पटला.

नळ्या वाकवून हेडर बनवून देणारा एक कारागीर त्याने शोधून काढला. बसवण्याचे काम आम्ही एका गॅरेजवाल्याकडे दिले. जुन्या मॅनिफोल्डचे नट चाळीस वर्षांच्या तापाने आणि गंजाने स्टडशी एकजीव झाले होते. एक स्टड कटकन तुटलाच. तो भोक पाडून काढावा लागला. संध्याकाळपर्यंत हेडर बसले. गाडीचा आवाज भारदस्त झाला. उतरवलेले बिडाचे मॅनिफोल्ड गॅरेजवाल्याने भंगारात देऊन टाकले आणि आम्हीही काही बोललो नाही.

पहिला हिरमोड लगेच झाला. मोकळ्या रस्त्यावर, इंजिन जोरात फिरत असताना, गाडीला थोडी चलाखी आली होती. पण भांडुप-घाटकोपरच्या गर्दीत ती उलट मरगळली. कारण साधे आहे. रुंद नळीत मंद गतीचा धूर रेंगाळतो, ओढ निर्माणच होत नाही. शर्यतीच्या घोड्याचा नाल टांग्याच्या घोड्याला ठोकावा, तसला प्रकार. शिवाय सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टकटक असा बारीक आवाज येई आणि गरम झाल्यावर थांबे. मी विचारले, तर गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आहे साहेब, बसेल हळूहळू."

जुलैतल्या एका रविवारी आम्ही बोरिवलीला बहिणीकडे निघालो. मागे आई आणि सौ., पुढे चिरंजीव. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावर पाऊस कोसळू लागला. काचा वर केल्या. वाहनांची रांग जागची हलेना. अर्ध्या तासाने आई म्हणाली, "डोके फार दुखते रे." सौ. म्हणाली, मलाही मळमळते. मी म्हटले, पावसाळी हवा आहे, होते असे.

एकाएकी चिरंजीव ओरडले, "बाबा, इंजिन बंद करा! काचा खाली घ्या!" भर पावसात आम्ही चारही काचा उघडल्या. सगळे भिजलो. दहा-पंधरा मिनिटांत आईच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. बोरिवलीला पोचताच डॉक्टरांना दाखवले. थोडक्यात निभावले होते.

पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, आणि माणूस गुंगीतच संपतो. पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांना पी.यू.सी. चाचणीत हा वायू शेकडा ३ पर्यंत चालतो. पण तो मागच्या नळीतून उघड्यावर जावा या हिशेबाने. आमच्याकडे तो इंजिनापाशीच बाहेर पडत होता आणि पेडलांच्या व वायरींच्या भोकांतून आत येत होता.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या एका वयस्क उस्तादांनी इंजिन थंड असताना सुरू केले, मागच्या नळीच्या तोंडाशी फडका क्षणभर दाबून धरला आणि कान दिला. फुस्स! हेडरच्या पट्टीपाशी काजळीची काळी जीभ उमटली होती. पट्टी पातळ होती. वेल्डिंगच्या तापाने ती वाकली होती, आणि खाली गॅस्केट जुनेच घातले होते. उस्ताद म्हणाले, "ती टकटक म्हणजे गाडी तक्रार करत होती, साहेब. तुम्ही ऐकले नाही."

चिरंजीव घरी येऊन आजीच्या पायाशी बसले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाबा, मी गणित सगळे केले होते. पट्टी सपाट आहे का, एवढेच पाहिले नाही."

मी काय रागावणार? टकटक मीही रोज ऐकत होतो.

जुने मॅनिफोल्ड परत लावायचे ठरले. पण ते तर भंगारात गेलेले! बापलेक कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर दुकाने धुंडाळत हिंडलो. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचे वीस वर्षांचे आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. कोठल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे कोण जाणे, पण एक धड मॅनिफोल्ड तिसऱ्या दुकानात मिळाले. जेथे गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात तिला अवयवदान मिळाले म्हणायचे.

ते मुलाने उस्तादांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातांनी बसवले. पट्टीवर सपाट पोलादी फूटपट्टी धरून उजेड दिसत नाही ना, ते पाहिले. नवे गॅस्केट घातले. नट मधून बाहेर, थोडेथोडे, तीन फेऱ्यांत आवळले. गाडी गरम करून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा एकदा पाना लावला. आणि फडक्याची परीक्षा दोनदा घेतली.

नव्या गाड्यांच्या मालकांना आणखी एक सांगावेसे वाटते. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आजच्या कित्येक गाड्यांत तो मॅनिफोल्डला लागूनच असतो. तेथे हेडर बसवले, तर बहुधा तोच निघून जातो, आणि विषारी धूर थेट शेजाऱ्यांच्या नाकात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने अशा फेरफारांवर बंधने घातली आहेतच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीविरुद्ध बदल चालणार नाहीत, असे बजावले.

ते हेडर आता आमच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेले आहे. आईने त्याच्या चार नळ्यांत मनीप्लांट लावला आहे. पाहुणे विचारतात, हे काय? आई सांगते, "नातवाने केले हो!" तिच्या आवाजात कौतुकच असते. चिरंजीव मात्र त्या वेळी मान खाली घालतात, आणि दिवाळीच्या फराळाला निघण्याआधी, कोणी न सांगता, बॉनेट उघडून कान देतात.