दुष्परिणामांची यादी आणि रोग्याचा निर्णय

अमेरिकेत सायंकाळच्या बातम्यांच्या सुमारास दूरचित्रवाणी लावली, तर मोटारी, विमा आणि साबण यांच्या जाहिरातींच्या जोडीने, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ज्यांची एक गोळीही दुकानदाराने देता कामा नये अशा औषधांच्या जाहिराती सतत चाललेल्या दिसतात. मधुमेहावरील एखाद्या नव्या गोळीची जाहिरात घ्यावी : पडद्यावर हसतमुख, प्रौढ माणसे बागकाम करीत असतात, नाचत असतात, नातवंडांबरोबर खेळत असतात आणि त्याच वेळी एक सौम्य आवाज सांगत असतो की, या औषधाने शरीरातील पाणी कमी होऊ शकते, गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, कीटोअॅसिडोसिस नावाची प्राणघातक अवस्था ओढवू शकते आणि गुदद्वार व जननेंद्रिये यांच्यामधील भागात, क्वचित परंतु जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होऊ शकतो. रोग्याला थेट उद्देशून अशा जाहिराती करण्याची मुभा आज जगात ठळकपणे अमेरिका आणि न्यूझीलंड या दोनच देशांत आहे. पण ज्या औषधांविषयी हे सांगितले जाते, ती आपल्याकडच्या लक्षावधी घरांत रोज घेतली जातात, आणि परदेशातील मुलाने किंवा सुनेने पाठविलेली अशी एखादी चित्रफीत पाहून इकडे गोळी बंद करणे आता काही अशक्य राहिलेले नाही.

या यादीचा उगम एका सद्हेतूत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो अर्भके अपंग जन्मल्याचे उघडकीस आले, त्यानंतर १९६२ साली अमेरिकी काँग्रेसने केफॉव्हर-हॅरिस या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती मंजूर केली आणि चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवरील देखरेख तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे सोपविली. गुणांचे वर्णन केले की दोषांचेही केले पाहिजे, आणि दोहोंत न्याय्य समतोल राखला पाहिजे, असा दंडक तेव्हापासून रूढ झाला. तो ज्या काळी घातला गेला, त्या काळी या जाहिराती मुख्यतः डॉक्टरांच्या नियतकालिकांत येत, आणि जाहिरातीच्या पाठीमागे बारीक टाइपात औषधाची सारी माहिती छापता येई. दूरचित्रवाणीवर ते शक्य नव्हते. म्हणून १९९७ साली प्रशासनाने नियमाचा नवा अर्थ लावून अशी सवलत दिली की, मुख्य धोके तोंडी सांगावेत आणि उरलेल्या तपशिलासाठी फुकट दूरध्वनीचा क्रमांक, संकेतस्थळ किंवा छापील जाहिरात यांचा निर्देश करावा. या सवलतीनंतर दूरचित्रवाणीवर औषधांच्या जाहिरातींचा जो पूर आला, तो अद्याप ओसरलेला नाही.

यादी वाचली गेली म्हणजे ती ऐकली गेली, असे मात्र होत नाही. ड्यूक विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रूथ डे यांनी नाकात फवारावयाच्या नॅसोनेक्स या औषधाची जाहिरात बारकाईने तपासली. तीत एक चित्रित मधमाशी औषधाची माहिती सांगत असे. औषधाचे गुण सांगताना तिचे पंख शांत असत. दुष्परिणामांची पाळी आली की ते भराभर फडफडू लागत, आणि पाहणाऱ्याचे लक्ष नेमके त्या वेळी शब्दांवरून उडे. अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी प्रशासनाने २०२३ साली नवा नियम केला आणि २० नोव्हेंबर २०२४ पासून त्याचे पालन बंधनकारक केले. मुख्य धोके साध्या भाषेत, ठळकपणे आणि निःपक्षपातीपणे सांगावेत, तेच शब्द पडद्यावर अक्षरांतही दिसावेत, आणि त्या वेळी लक्ष विचलित करणारे दृश्य वा ध्वनी नसावेत, अशी त्यात तरतूद आहे. नियम उत्तम आहे. तथापि माझ्या मते या यादीचा मूळ दोष आवाजात किंवा चित्रात नाही; कोणता धोका किती जणांना होतो आणि तो ओळखून रोग्याने काय करावयाचे, या दोन गोष्टींवाचून ती सांगितली जाते, येथे तो आहे.

वर सांगितलेल्या गोळीचेच उदाहरण पुढे नेऊ. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी औषधे ज्या वर्गात मोडतात, त्याच वर्गातली ही गोळी; तिचे कार्य मूत्रपिंडात चालते. आपली मूत्रपिंडे रक्त गाळताना त्यातील साखरही गाळतात, पण ती वाया जाऊ नये म्हणून एसजीएलटी-२ नावाच्या वाहक प्रथिनाकरवी तिचा बहुतेक भाग पुन्हा रक्तात परत घेतात. हे औषध त्या वाहकाला अडविते. साखर लघवीवाटे निघून जाते आणि रक्तातील पातळी उतरते. एवढी क्रिया ध्यानात आली की यादीतील बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. लघवीत साखर उतरली की त्या भागात बुरशीला पोषण मिळते. साखरेबरोबर पाणीही जाते, म्हणून शरीर कोरडे पडते. आणि साखर बाहेर जात असल्याने शरीर इंधनासाठी चरबीकडे वळते, तेव्हा कीटोन नावाची आम्ले तयार होऊ लागतात.

आता यादीतले तीन धोके संख्येसह पाहू. हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेही रोग्यांवर एम्पाग्लिफ्लोझिनची जी चाचणी झाली आणि जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तीत जननेंद्रियांचा संसर्ग औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी शंभरांत दहांना झाला, तर औषधाचा अंश नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी घेणाऱ्या स्त्रियांत शंभरांत सुमारे अडीच जणींना झाला. म्हणजे हा त्रास खरा आहे आणि पुष्कळांना होतो. पण साध्या मलमाने किंवा गोळीने तो बहुधा बरा होतो. दुसरा, तो भयंकर जंतुसंसर्ग. वैद्यकात त्याला फूर्निएचा गँग्रीन म्हणतात. मार्च २०१३ ते मे २०१८ या सव्वापाच वर्षांत या वर्गातील औषधे घेणाऱ्यांमध्ये त्याचे १२ रोगी अमेरिकी प्रशासनाला आढळले; त्या सर्वांना रुग्णालयात दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यांतील एक दगावला. एकट्या २०१७ साली त्या देशात ही औषधे घेणाऱ्यांची संख्या सुमारे १७ लाख होती. नोंद न झालेले रोगी आणखी असणार हे गृहीत धरले, तरी प्रमाण अत्यल्पच ठरते. पुढे डापाग्लिफ्लोझिनच्या १७,१६० रोग्यांवरील चाचणीत या संसर्गाचे सहा रोगी निघाले. त्यांतील एक औषधाच्या गटातला होता आणि पाच औषध न घेणाऱ्यांच्या गटातले होते. मधुमेह हेच मुळी या संसर्गाचे एक कारण आहे, हा खुलासा जाहिरातीच्या साठ सेकंदांत होत नाही.

तिसरा धोका कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ले साचून रोगी अत्यवस्थ होणे. त्याच मोठ्या चाचणीत चार वर्षांच्या अवधीत तो औषध घेणाऱ्यांत दर हजारी तिघांना आणि न घेणाऱ्यांत दर हजारी एकाला झाला. संख्या लहान आहे. परंतु या तीन धोक्यांमध्ये रोग्याला सर्वांत अधिक उपयोगी पडणारा इशारा हाच, कारण येथे त्याच्या हाती काही करण्यासारखे आहे. एरवी कीटोअॅसिडोसिसमध्ये रक्तातील साखर खूप चढते. या औषधाच्या बाबतीत मात्र ती जवळजवळ ठीक दिसत असतानाही रोगी या अवस्थेत जाऊ शकतो, आणि घरच्या यंत्रावरचा आकडा पाहून घरचे लोक निर्धास्त राहतात. मळमळ, वांत्या, पोटदुखी, धाप लागणे ही त्याची लक्षणे. दीर्घ उपवास, वांत्या-जुलाबांचे आजारपण आणि शस्त्रक्रिया हे त्याचे प्रसंग. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे निदान तीन दिवस बंद ठेवावीत, असे अमेरिकी प्रशासनाने सांगितले आहे. जिथे कडक उपास ही नित्याची गोष्ट आहे, अशा आपल्या समाजात तर उपासाच्या दिवशी या गोळीचे काय करावयाचे, हे प्रत्येक रोग्याने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले पाहिजे. जाहिरातीत हे तिन्ही धोके एकाच सुरात, एकाच वेगाने येतात; ऐकणाऱ्याच्या मनात राहतो तो गँग्रीन.

आणि लाभाचा आकडाही याच तराजूत पडला पाहिजे. ७,०२० रोग्यांच्या त्या चाचणीत सुमारे तीन वर्षांत हृदयरोगाने दगावलेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात शेकडा ३.७, तर दुसऱ्या गटात शेकडा ५.९ होते. ‘मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी घटला’ असेही हेच सांगता येते, आणि ‘शंभरांत दोघांचे प्राण वाचले’ असेही सांगता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. रोग्याला स्वतःच्या परिस्थितीशी ताडून पाहता येते ते दुसरे.

संख्येवाचून दिलेल्या यादीचा परिणाम दोन परस्परविरुद्ध दिशांनी होतो, असे प्रयोगांनी दाखविले आहे. लंडन बिझनेस स्कूलचे निरो शिवनाथन आणि हेमंत कक्कड यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काहींना औषधाचे केवळ गंभीर दुष्परिणाम सांगितले, तर काहींना त्याच गंभीर दुष्परिणामांसह डोकेदुखी, तोंडाला कोरड यांसारखे किरकोळ त्रासही सांगितले. साधा हिशेब असे म्हणेल की यादी लांबली म्हणजे भय वाढेल. घडले ते उलट : लांब यादी ऐकणाऱ्यांना औषध कमी धोक्याचे वाटले. मनुष्याचे मन अशा वेळी बेरीज करीत नाही, सरासरी काढते, आणि गंभीर त्रासाच्या शेजारी डोकेदुखी आली की त्या गंभीर त्रासाचेही वजन उतरते. जो रोगी धोक्याच्या कडेवर उभा आहे, त्याला यादीच अशा रीतीने गाफील ठेवते.

दुसऱ्या बाजूला, जो ऐकलेले मनाला लावून घेतो त्याच्या शरीरात अपेक्षेनेच त्रास उत्पन्न होतो. याला नोसीबो परिणाम म्हणतात. कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे त्रासामुळे सोडून दिलेल्या ६० रोग्यांवर इंपीरियल कॉलेज, लंडन येथील संशोधकांनी एक चाचणी केली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या : चार स्टॅटिनच्या, चार औषधाचा अंश नसलेल्या गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. रोज होणाऱ्या त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यावयाचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण भरले, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. त्रास कल्पित नव्हता. दुखत होते ते खरोखरच दुखत होते. पण त्यातील फार मोठा भाग गोळीतल्या द्रव्याचा नसून गोळी घेतल्याच्या जाणिवेचा होता. हे आकडे दाखविल्यानंतर त्यांतील निम्म्या रोग्यांनी औषध पुन्हा सुरू केले, ही या चाचणीतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट, कारण जे काम उपदेशाने झाले नव्हते ते रोग्याच्याच नोंदींनी केले.

याहून चांगली पद्धत ठाऊक नाही, असेही नाही. डार्टमथ येथील लिसा श्वार्ट्झ आणि स्टीव्हन वोलोशिन या डॉक्टर दांपत्याने औषधाचे लाभ आणि धोके एका छोट्या तक्त्यात, औषध घेणारे आणि न घेणारे अशा दोन स्तंभांत, आकड्यांनिशी मांडण्याची रीत सिद्ध केली. दूरचित्रवाणीवर हिरवट पतंगाच्या मोहक चित्रासह गाजलेल्या लुनेस्टा या झोपेच्या गोळीचा तक्ता सांगतो की, गोळी घेणाऱ्यांना झोप लागण्यास सरासरी ३० मिनिटे लागली, न घेणाऱ्यांना ४५; आणि घेणारे एकंदरीत ३७ मिनिटे अधिक झोपले. शेजारीच तोंडातील कडवट चव, चक्कर, दिवसाची गुंगी यांचे आकडे. एवढ्या पंधरा आणि सदतीस मिनिटांसाठी हे सोसावयाचे काय, याचा निर्णय मग ज्याचा त्याने करावा. असा तक्ता वाचून सामान्य लोक दोन औषधांतील चांगले औषध अधिक अचूक निवडतात, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकी प्रशासनाच्या सल्लागार समितीने तक्त्याचा पुरस्कारही केला. त्याची अंमलबजावणी मात्र झालेली नाही.

आपल्याकडे कायद्याची दिशा वेगळी आहे. १९५४ च्या कायद्याने कित्येक रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, आणि चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही. ही बंदी योग्य आहे. पण जाहिरात नाही याचा अर्थ माहिती आहे असा होत नाही. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद बहुधा इंग्रजीत असतो, त्याची अक्षरे चष्म्यालाही दाद देत नाहीत, आणि त्याच्या माथ्यावर तो केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक, रुग्णालय वा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी असल्याचे लिहिलेले असते. ज्याच्या पोटात औषध जावयाचे, त्याच्यासाठी त्या खोक्यात मराठीचे एक अक्षर नसते. मग तो मोबाइलवर शोधतो, आणि त्याच्यापुढे अमेरिकेची ती संख्याहीन यादी येते. प्रत्येक खोक्यात राज्यभाषेत एक पान, त्यावर चार-पाच ओळींचा आकडेवारीचा तक्ता, आणि ‘हे झाल्यास गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठा’ अशा दोन ओळी, एवढी सक्ती सरकारने करणे मुळीच अवघड नाही.

हे आकडे मात्र कोणीतरी नोंदविल्यावाचून तयार होत नाहीत. गँग्रीनचे ते बारा रोगी सापडले, कारण त्यांच्याविषयी कोणीतरी प्रशासनाला लिहून कळविले किंवा वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय भेषजसंहिता आयोगात आहे, अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत, आणि डॉक्टरांप्रमाणे रोग्याला स्वतःलाही तेथे अर्ज भरून आपला त्रास कळविता येतो. अर्जात औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, त्रास कधी सुरू झाला आणि तो किती टिकला, एवढेच मुख्यतः विचारलेले असते; तो त्रास त्या औषधानेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी रोग्यावर नसते.